शिकारीच्या आधीचे पाच महिने: बंड्या, मी आणि ग्राउस

आईला फोनवर सांगितलं, की शनिवार-रविवार आमच्या कुत्र्याला, बंड्याला घेऊन उत्तरेच्या जंगलात जातोय, पक्षी कुठे आहेत ते बघायला. ती म्हणाली, "बघायला जा. पण ते मारायचं म्हणत होतास ते श्रावणात नाही ना?" म्हटलं, नाही गं, चौदा सप्टेंबरपर्यंत सरकारचीच बंदी आहे. "बरंय मग. तिकडचं सरकार तरी श्रावण पाळतंय."

मी मूळचा बार्शीकडचा. गेली अकरा वर्षं मिनियापोलिसच्या एका उपनगरात राहतो, ऑफिसात बसून काम करतो, आणि 2024च्या आधी बंदुकीला हातही लावला नव्हता. त्या वर्षी एप्रिल ते सप्टेंबर आम्ही ग्राउस नावाच्या पक्ष्याच्या मागावर हिंडलो. सुरुवात केली तेव्हा मराठीत याबद्दल एक ओळ सापडेना, आणि इंग्रजीत जे होतं ते लहानपणापासून वडिलांबरोबर रानात गेलेल्यांनी लिहिलेलं. त्यांना जे सांगावंसं वाटत नाही, तेच मला विचारायचं होतं. म्हणून हे लिहितोय. एक आधीच सांगतो: हे सगळं मिनेसोटातलं आहे. भारतात 1972च्या वन्यजीव कायद्याने वन्य प्राण्यांच्या शिकारीला बंदी आहे. इथलं वाचून गावाकडे कुणी चितुरामागे कुत्रं सोडू नये.

बंड्या ब्रिटनी जातीचा. पांढरा, अंगावर तांबूस डाग, वजन सतरा किलो. 2023च्या जुलैत आणला तेव्हा दोन महिन्यांचा होता. बाराशे डॉलर मोजले ते मुलीच्या हट्टापायी, शिकारीचा विचार तेव्हा कुणाच्याच डोक्यात नव्हता. ऑक्टोबरात एकदा मागच्या अंगणात झुडपाखाली चिमण्या दाणे टिपत होत्या. बंड्या धावता धावता असा थांबला की एक पाय वर तो वरच. शेपूट ताठ, नाक पुढे, श्वास घेतोय की नाही कळेना. मला वाटलं फिट आली. शेजारचे आजोबा कुंपणापलीकडून बघत होते. पंचाहत्तरी पार केलेले, दोन्ही गुडघे बदललेले, आयुष्यभर उत्तरेच्या रानात हिंडलेले. म्हणाले, "आजारी नाहीये तो. पॉइंट धरलाय. पक्षी दाखवतोय तुला." आणि मग जरा थांबून, "हा सोफ्यावर लोळायला जन्मलेला नाही."

तिथून सुरू झालं.

मिनेसोटात 31 डिसेंबर 1979नंतर जन्मलेल्या माणसाला शिकारीचा परवाना हवा असेल तर आधी बंदूक-सुरक्षेचं प्रमाणपत्र लागतं. माझा जन्म 1983चा. फेब्रुवारी-मार्चमध्ये एका क्लबच्या तळघरात मंगळवारी आणि गुरुवारी संध्याकाळी वर्ग होता. फी दहा डॉलरच्या आत. पहिल्या दिवशी गेलो तर सगळी पोरं अकरा ते चौदा वर्षांची. शिक्षकांनी मला अदबीनं सांगितलं, की पालकांनी मागच्या खुर्च्यांवर बसावं. मी पुढे बसलो. शेजारच्या बारा वर्षांच्या मुलीला सगळी उत्तरं येत होती, मला निम्मी. पण एक गोष्ट डोक्यात पक्की बसली: कुंपण ओलांडायचं असेल तर बंदूक रिकामी करायची, ती आधी पलीकडे ठेवायची, मग आपण जायचं. एप्रिलच्या सुरुवातीला प्रत्यक्षाचा दिवस झाला, गुडघाभर बर्फात. घाबरलो होतो, पण पास झालो. वय आडवं येतं म्हणून ऑनलाइन कोर्सकडे वळणाऱ्यांना माझा सल्ला असा, की जमलं तर पोरांबरोबर बसा. त्यांना न लाजता प्रश्न विचारता येतात, आणि उत्तरं आपल्यालाही ऐकू येतात.

आता पक्ष्याबद्दल. रफ्ड ग्राउस म्हणजे गावठी कोंबडीपेक्षा लहान, सुक्या पानाच्या रंगाचा, अर्धा-पाऊण किलोचा पक्षी. आजोबा आणि तिकडची जुनी माणसं त्याला सरळ "पार्ट्रिज" म्हणतात. तो पाण्याजवळचा नाही, थव्याने उडणारा नाही, स्थलांतर करणारा नाही. वर्षभर त्याच रानात, तुमच्यापासून दहा पावलांवर बसून राहतो आणि दिसत नाही. मग एकदम पायाखालचं रान फाटल्यासारखा उडतो. लहानपणी बांधावरून चालताना चितूर उडाले की छातीत जसं धस्स व्हायचं, तेच, फक्त दुप्पट.

एप्रिलच्या सोळा तारखेपासून चौदा जुलैपर्यंत मिनेसोटात खास परवानगीशिवाय शिकारी कुत्र्याला रानात शिकवायला बंदी असते. पक्ष्यांचा अंडी घालायचा, पिल्लं काढायचा काळ. त्यामुळे पहिली फेरी बंड्याशिवायच झाली. सत्तावीस एप्रिलला आजोबा आणि मी ग्रँड रॅपिड्सला गेलो, घरापासून तीन तास. मोटेल 95 डॉलर. पहाटे पाचला एका कच्च्या रस्त्यावर गाडी बंद करून, काचा खाली घेऊन बसलो. थंडीने दात वाजत होते.

आजोबा म्हणाले, "कानाने ऐकू नकोस. छातीने ऐक." मला वाटलं म्हातारा काव्य करतोय. पाच मिनिटांनी खरोखर छातीत काहीतरी वाजायला लागलं. धप... धप... धप, धप, धपधपधप, आणि मग एक थरथर. शेतावरचं जुनं किर्लोस्कर इंजिन हँडल मारून सुरू करताना पहिले ठोके पडतात आणि मग ते धरत नाही, अगदी तसं. नर ग्राउस आडव्या पडलेल्या ओंडक्यावर उभा राहून पंखांनी हवा हाणतो. पंख ओंडक्यावर आपटत नाहीत. आवाजाची वारंवारता 40 हर्ट्झच्या आसपास, म्हणून तो ऐकू येण्याआधी जाणवतो, आणि नेमका कुठून येतो ते कळत नाही. राज्याचं नैसर्गिक संसाधन खातं, इथे सगळे डीएनआर म्हणतात, 1949पासून दर वसंतात हे ठोके मोजतं. ठरलेला रस्ता, दहा थांबे, प्रत्येक थांब्यावर चार मिनिटं कान देऊन बसायचं. आम्हीही तसंच केलं. दहा थांब्यांत चौदा ठोके, म्हणजे अशा चौदा फैरी. त्यातले सहा एकाच थांब्यावर.

तिथे उतरून आजोबांनी मला झाडं दाखवली, आणि या अख्ख्या उद्योगातली महत्त्वाची गोष्ट तिथेच कळली, जरी तेव्हा मी नुसती मान डोलावली. ग्राउस शोधायचा म्हणजे ॲस्पेन शोधायचं. तिकडे त्याला "पॉपल" म्हणतात. नुसतं ॲस्पेनही नाही, अमुक वयाचं ॲस्पेन. हे झाड कापलं की मुळांपासून हजारो फुटवे येतात. मी म्हटलं, "आमच्याकडे उसाचा खोडवा असतो तसं." खोडवा म्हणजे काय ते समजावून सांगण्यात दहा मिनिटं गेली, पण त्यांना तो शब्द इतका आवडला की नंतर नकाशावर बोट ठेवून "हा कोडवा किती वर्षांचा?" असं विचारायला लागले.

पाच ते पंचवीस वर्षांचा खोडवा सगळ्यात चांगला. दाट उभ्या काठ्यांमधून ससाण्याला झेप घेता येत नाही, आणि खाली पिल्लांना फिरायला मोकळं राहतं. पण हिवाळ्यात ग्राउस मोठ्या ॲस्पेनच्या कळ्या खाऊन जगतो, म्हणजे जवळपास जुनी झाडंही हवीत. मिनेसोटा विद्यापीठाच्या क्लोकेट इथल्या वनसंशोधन केंद्रात गॉर्डन गलियन यांनी अनेक दशकं हेच अभ्यासलं: एकाच वयाचं जंगल, कितीही सुंदर असलं, तरी ग्राउसच्या उपयोगाचं नाही. आजोबांचं माप सोपं होतं. अंगठ्याएवढं खोड: अजून लवकर. मांडीएवढं: उशीर झाला. मनगटाएवढं: थांब इथे.

मे-जून घरीच गेले. पिल्लं जूनच्या सुरुवातीला बाहेर येतात, पहिले काही आठवडे किडे खाऊन वाढतात, आणि तेव्हा गार पाऊस लागला तर मरतात. त्या जूनमध्ये मिनेसोटात पावसाने कहर केला होता, दक्षिणेत रॅपिडन धरणाशेजारचा काठ वाहून गेला. मी खिडकीतून पाऊस बघून पिल्लांची काळजी करतोय हे बघून बायको म्हणाली, "ज्यांना सप्टेंबरात मारायचंय त्यांचीच ना?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजूनही नीटसं नाही.

जूनच्या संध्याकाळी नकाशांत गेल्या. डीएनआरचा ऑनलाइन नकाशा फुकट आहे, शिकाऱ्यांसाठी राखलेल्या पायवाटाही त्यावर दिसतात. या पायवाटांवर गाड्यांना बंदी असते आणि बऱ्याच ठिकाणी गवताबरोबर क्लोव्हर, म्हणजे आपल्या घासासारखं चाऱ्याचं रोप, पेरलेलं असतं. शिवाय मी ऑनएक्स नावाचं ॲप घेतलं, एका राज्याचे वर्षाला साधारण 35 डॉलर. त्यात कुठली जमीन सरकारची, कुठली खाजगी, ते फोनवर उभ्या जागी दिसतं. याची गरज तिथे गेल्यावर कळते. चिपेवा राष्ट्रीय वनाच्या हद्दीत राज्याची जमीन आहे, जिल्ह्याची आहे, खाजगी आहे, आणि लीच लेक इथल्या ओजिब्वे या मूळ रहिवासी लोकांची राखीव भूमीही आहे. झाडांवर काही लिहिलेलं नसतं. माझ्यासारख्या दिसणाऱ्या माणसाने बंदूक घेऊन चुकून कुणाच्या खाजगी रानात शिरावं, ही कल्पनाच मला झोपू देत नव्हती. म्हणून दर वेळी निघण्याआधी नकाशा फोनमध्ये उतरवून घ्यायचा. तिथे नेटवर्क मिळत नाही.

उपग्रहाच्या चित्रांत तोडलेल्या जंगलाचे चौकोन दिसतात. जुनी आणि नवी चित्रं शेजारी ठेवून, कुठला चौकोन कधी मोकळा झाला ते काढून, मी बावीस जागा टिपल्या. फार शास्त्रशुद्ध वाटलं मला माझं.

तीन ऑगस्टला बंड्याला घेऊन पहिल्यांदा गेलो. बावीसपैकी पाच जागा दोन दिवसांत पालथ्या घातल्या. पक्षी: शून्य. नेचे छातीपर्यंत वाढलेले, हवा हलत नव्हती, डास आणि हरणमाश्या कानाशी घोंगावत होत्या, आणि मी "शास्त्रशुद्ध" निवडलेल्या दोन चौकोनांत ॲस्पेन नव्हतंच. पाइन लावलेलं होतं. वरून दोन्ही हिरवंच. तिसऱ्या जागी दलदल. बंड्याने दोन पॉइंट धरले, एक बेडकावर आणि एक कुणाच्या तरी हरवलेल्या हातमोज्यावर. रविवारी दुपारी गाडीत बसलो तेव्हा बूट ओले होते, मानेवर गांधी उठल्या होत्या, आणि तीन तास गाडी चालवून हे कशासाठी, असा सरळ प्रश्न पडला होता.

आजोबांना फोन केला. ते हसले नाहीत. म्हणाले, "ऑगस्टात पक्षी मोजू नकोस. जेवण मोज." मग त्यांनी यादी सांगितली: करड्या डॉगवुडची पांढरी फळं, हेझलची झुडपं, चोकचेरी, रानस्ट्रॉबेरीची पानं, क्लोव्हर. आल्डर नावाच्या झुडपांची जाळी जिथे ॲस्पेनला भिडते ती कड. जमिनीवर धुळीत अंघोळ केल्याचे खळगे. आणि एक मोठी वही घे.

वही घेतली. प्रत्येक फेरीला तारीख, वेळ, तापमान, किती तास चाललो, बंड्याने कुठे वास घेतला, किती पक्षी उडाले, आणि तिथे काय पिकलंय. हे लिहायला लागल्यापासून कंटाळा गेला, कारण रिकाम्या दिवशीही वही रिकामी राहत नव्हती.

कुत्र्याबद्दल काही गोष्टी इथेच सांगतो, कारण आमच्या चुका यातच जास्त झाल्या. ऑगस्टात उजाडताच निघायचं आणि पारा 21 अंशांवर गेला की थांबायचं. कुत्रं स्वतः थांबत नाही, ते पळत राहतं आणि कोसळतं. पाणी घरून न्यायचं, दोन तासांना दोघांत तीन लिटर. तळ्याचं पाजू नका, उन्हाळ्यात काही तळ्यांवर हिरवं-निळं शेवाळ येतं आणि त्याने कुत्री तासाभरात मरतात. परत आल्यावर गोचिड्या काढायच्या: कानांच्या मागे, बोटांच्या मध्ये, काखेत. स्वतःच्याही. लाइम रोगाची लस बंड्याला वसंतातच देऊन झाली होती, आपल्यासाठी तशी सोय नाही. हंगाम सुरू होण्याआधी कुत्रं शिकवताना बंदूक नेली तरी जवळ फक्त आवाजाची काडतुसं चालतात. मी काहीच नेलं नाही.

गळ्यात काय बांधायचं, यावर लोक भांडतात. जीपीएसचे पट्टे आठशे डॉलरच्या पुढे. बाबा मे महिन्यात आले होते तेव्हा बार्शीच्या बाजारातून शेळीच्या गळ्यातली पितळी घंटा घेऊन आले होते, दीडशे रुपयांची. तीच बांधली. दाट रानात बंड्या दिसत नाही, पण घंटा ऐकू येते. घंटा वाजतेय तोवर तो शोधतोय. घंटा थांबली की एकतर पॉइंट, नाहीतर भानगड.

सतरा ऑगस्टला सकाळी सव्वासातला ती थांबली. एप्रिलच्या त्या सहा ठोक्यांच्या थांब्यापासून अर्ध्या मैलावर, मनगटाएवढ्या खोडव्यात. मी काट्याकुट्यांतून पुढे सरकलो. बंड्या नेच्यांमध्ये उभा, अंग धनुष्यासारखं वळलेलं, डोळे माझ्याकडे न वळवता. दोन पावलं टाकली आणि रान फाटलं. एक, मग दोन, मग डावीकडून आणखी तीन. सहा पक्षी. पिल्लं एव्हाना दहा-अकरा आठवड्यांची, जवळजवळ आईएवढी. एक जवळच्या फांदीवर बसून मान लांब करून आमच्याकडे बघत राहिला. मी कमरेवर हात ठेवून उभा होतो, हात थरथरत होते, आणि बंड्या अजून जागचा हलला नव्हता. त्याला मिठी मारली तर तोंड चाटायचं सोडून पक्ष्यांकडेच बघत होता.

आजोबांनी बजावलं होतं, की एकदा कुटुंब सापडलं की तिथे परत जायचं नाही. उन्हात पिल्लं पुन्हा पुन्हा उडवली तर ती पांगतात, दमतात. वहीत खूण केली आणि निघालो. ती जागा महिनाभर सोडून देणं हे ऑगस्टातलं सगळ्यात अवघड काम होतं.

पंचवीस तारखेला घंटा थांबली ती भानगड होती. बंड्या किंचाळत आला. तोंड, ओठ, एक पुढचा पाय, सगळीकडे साळिंदराचे काटे. या काट्यांच्या टोकांना सूक्ष्म आकडे असतात, ते आत आत सरकत जातात. मी खिशातली पक्कड काढून दोन ओढले, तिसऱ्याला त्याने मला चावलं. त्याची चूक नव्हती. काटे मधून कापले की हवा निघून सुटतात असं कुणीसं सांगितलं होतं, ते खोटं आहे, कापू नका, उलट धरायला काही उरत नाही. चाळीस मिनिटांवर एक रविवारी उघडा असलेला प्राण्यांचा दवाखाना मिळाला. भूल देऊन 37 काटे काढले, जिभेखालून तीन. बिल 640 डॉलर. घरी येताना तो मागच्या सीटवर गुंगीत झोपला होता, आणि मी बायकोला काय सांगायचं याची वाक्यं जुळवत होतो. तिने वाक्यं ऐकलीच नाहीत. त्याचं सुजलेलं तोंड बघून म्हणाली, "तुला कुणी सांगितलं होतं रे शहाण्या, त्याच्याशी भांडायला?" हे मला होतं की बंड्याला, ते मी विचारलं नाही. पुढच्या फेरीपासून जवळच्या दवाखान्यांचे नंबर आणि वेळा कागदावर लिहून गाडीत ठेवतो. तुम्हीही ठेवा.

दोन सप्टेंबरला इथे लेबर डेची सुट्टी होती आणि घरी पोळा. बैल नाही तर बंड्याचा पोळा म्हणून मुलीने त्याच्या गळ्यात झेंडूची माळ घातली. पुरणपोळी मात्र दिली नाही, पुरणात जायफळ असतं आणि ते कुत्र्यांना बाधतं. साधी पोळी दिली. दुपारी आम्ही दोघं निघालो. डॉगवुडची फळं पांढरी झाली होती, देठ लाल. वहीत डॉगवुडच्या एकोणीस खुणा झाल्या. दीड दिवसात पाच पक्षी उडाले, पाचही एकेकटे. कुटुंबं फुटायला लागली होती. आता कळलं, की आपण नकाशावर जागा शोधत नव्हतो. बारीक, दाट, करड्या सालीच्या काठ्या दिसल्या की पाय आपोआप हळू होत होते.

कागदपत्रांचं राहिलंच. परवाना म्हणजे लहान प्राणी-पक्ष्यांचा, राज्यातल्या रहिवाशाला 22 डॉलर आणि वर किरकोळ शुल्क. खेळाच्या सामानाच्या दुकानात ड्रायव्हिंग लायसन्स आणि सोशल सिक्युरिटी नंबर देऊन दहा मिनिटांत मिळाला. बंदुकीला वेळ लागला. जुनी दुनळी, वीस बोअरची, 750 डॉलर. साध्या शॉटगनला इथे राज्याचा वेगळा परवाना लागत नाही, पण दुकानात फेडरल 4473 हा फॉर्म भरावा लागतो. त्यात नागरिकत्व विचारतात, ग्रीन कार्डवाल्यांनी कार्डावरचा एलियन नंबर घालायचा. एचवन-बी वगैरे व्हिसावर असलेल्यांना एरवी बंदूक बाळगायला फेडरल कायद्याने मनाई आहे, वैध शिकारीचा परवाना असेल तर तो अपवाद ठरतो, पण यात चूक झाली तर व्हिसावर गदा येते, म्हणून आधी वकिलाला विचारा, मित्राला नको. माझं ग्रीन कार्ड आहे, तरी फॉर्मनंतरच्या सरकारी तपासणीचं उत्तर "थांबा" असं आलं. दुकानदाराने सहज सांगितलं, की होतं असं, नावं सारखी असतात. मी दोन दिवस नीट जेवलो नाही. तिसऱ्या दिवशी फोन आला, घेऊन जा.

सात तारखेला गणपती बसले, दीड दिवसाचे. आठला विसर्जन झालं. तेरा तारखेला संध्याकाळी आजोबांना घेऊन निघालो. मी केशरी टोपी आणि जाकीट गाडीत टाकलं का ते तीनदा तपासलं. ग्राउसच्या शिकारीत कमरेच्या वर काहीतरी भडक केशरी किंवा भडक गुलाबी घालायचा नियम आहे, मुलीने गुलाबीचा आग्रह धरला होता.

चौदाला पहाटे माझ्या लाडक्या जागी, त्या सहा पक्ष्यांच्या खोडव्याशी पोचलो, तर फाटकाशी आधीच दोन पिकअप उभे. महिनाभर जपलेली जागा. घसा दाटला, खरंच. आजोबांनी नुसतं, "वही काढ," म्हटलं. दुसऱ्या पानावरच्या, एकदाच दोन पक्षी दिसलेल्या एका पायवाटेला गेलो. आठ वाजताच उकडायला लागलं. पानं अजून हिरवीगार, त्यामुळे पक्षी उडाल्याचा नुसता आवाज यायचा आणि पानं हलायची. मी दोनदा बार काढले, दोन्ही झाडाला. रोज पाच पक्ष्यांची मर्यादा आहे, तिची काळजी करायची गरज नव्हती.

साडेनऊला वाट जिथे आल्डरला लागते तिथे घंटा थांबली. आजोबा वाटेवरच उभे होते, त्यांचे गुडघे आत जात नाहीत. मी बंड्याच्या बाजूने शिरलो, पक्षी उडाला आणि वाटेवरून पलीकडे जायला निघाला. त्यांचा एकच बार झाला. बंड्याने तो आणून माझ्या हातात दिला, कुणी मारला याचा त्याला पत्ता नव्हता. पक्षी गरम होता. मी बराच वेळ तो तसाच धरून उभा होतो.

गाडीशी येऊन आजोबांनी चाकू दिला आणि गळ्याखालची अन्नाची पिशवी उघडायला सांगितली. पक्षी सकाळी काय जेवला ते त्यात असतं, म्हणाले, उद्या कुठे जायचं ते त्यावरून ठरव. मी ती गाडीच्या मागच्या फळकुटावर उलटी केली. डॉगवुडची फळं दोन. बाकी सगळी पानं, तीन-तीन पाकळ्यांची, अजून ओली, हिरवी. क्लोव्हर. ऑगस्टभर दाट रानात लवकर शिरायचं म्हणून आम्ही झपाझप तुडवून गेलो होतो, त्याच वाटेवरचं.